भावकीचं रक्त नको

पिशोरच्या दगडाबाईला आज गावात मान आहे, पण एक हिवाळा असा गेला की तिची सख्खी भावकी तिच्याशी बोलत नव्हती.

तिचा धाकटा भाऊ कडूबा चितेगावला कंपनीत कामाला होता. दोन हजार बारा साली त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उमटले. घाटी दवाखान्यात तपासण्या झाल्या. हाडांच्या आत जो मगज रक्त तयार करतो, तो त्याचा सुकत चालला होता.

दगडाबाईनं दंड पुढं केला. "घ्या माझं. एका आईच्या पोटचे हाय आम्ही."

"म्हणूनच घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं. "बाहेरच्या रक्तावर तो काही महिने काढेल. बरा होईल तो दुसऱ्याचा मगज बसला तरच. माणसाच्या पेशींवर आईबापांकडून आलेल्या खुणा असतात. सख्ख्या बहिणीच्या खुणा तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. तुमच्या जुळल्या, तर मगज तुमचाच घेऊ. पण आधीच घरचं रक्त दिलं, तर त्याचं शरीर त्या खुणांवर डूख धरील आणि पुढं तुमचा मगज टिकू देणार नाही."

दगडाबाई चौथी शिकलेली. तिनं एवढंच विचारलं, "चुलत्याचं चालंल का?"

"नात्यातलं कुणाचंच नको."

दुसऱ्याच दिवशी चुलते काकासाहेब जीपभर माणसं घेऊन हजर. न बोलावता आले होते. संकटात असं धावून जाणं ही आमच्याकडची रीतच. दगडाबाई रक्तपेढीच्या दारात आडवी उभी राहिली.

"काका, तुमचं रगत कडूबाला नको."

"का? आमच्या रगतात किडे पडले?"

"तसं नाय. घरचं दिलं तर माझा मगज त्याला लागायचा नाय. त्याला परक्याचंच पाहिजे."

काकासाहेब माणसांकडं वळून हसले. "परक्याचं चालतं अन् घरचं बाधतं, असा आजार मी पहिल्यांदा ऐकला. दगडे, तुला सुईचं भ्या वाटतं, तेवढं कबूल कर."

ती दारातून हलली नाही. जीप तशीच परत गेली.

मग ती बाजाराच्या दिवशी रक्त मागत हिंडली. पिशोरात एका घराआड नातं. ती आधी आडनाव विचारी, मग आजोळ विचारी; कुठं धागा लागला की हात जोडून पुढं निघे. हबीब पिंजाऱ्याच्या दुकानात असा धागा लागला नाही, तेव्हा तिचा चेहरा उजळला. हबीब म्हणाला, "लोक सोयरीक करायला नातं काढतात. तू पहिलीच, नातं नाय म्हणून खूष होणारी." सकाळच्या पहिल्या गाडीनं तो शहरात गेला. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांना घेऊन गेला.

पाणवठ्यावर बाया तिला ऐकू जाईल असं बोलत, की सख्खी बहीण दंड झाकून बसली आणि गावभर रक्त मागत फिरते. दगडाबाई हंडा भरून घरी येई. तीन महिन्यांत तेवीस परकी माणसं कडूबासाठी शहरात जाऊन आली. आपलं रक्त मात्र तिनं लाजेपायी, रागापायी, भीतीपायी, कशापायीच सांडू दिलं नाही. खुणा जुळतीलच, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. चारात एक, एवढ्याच भरवशावर ती उभी होती.

खुणांच्या तपासणीचा कागद आला. सगळ्या खुणा जुळल्या होत्या.

पुण्याच्या दवाखान्यात तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि कडूबाच्या शिरेत सोडला. ती रोज काचेबाहेर बसून राही. एकोणिसाव्या दिवशी कडूबाच्या पेशी वाढायला लागल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. काचेआडून तो फोनवर म्हणाला, "आक्का, मला पिठलं-भाकर खावं वाटतंय."

"खाशील. सध्या गप पेज पी."

संध्याकाळी काकासाहेबांचा फोन आला.

"लागला का गं तुझा मगज?"

"लागला, काका."

"मग मी गावात सांगतो," ते म्हणाले. "आधी पाणवठ्यावर जातो."