फक्त बघायचं

आज सकाळी समोरच्या इमारतीखाली, मोटारींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या. फूल मोटारीवर पडलं, वॉचमन ओरडला आणि एकीचा रॅकेटचा हात वरच थांबला.

मुलांनो, तो हात पाहून मला माझी मैत्रीण शैला आठवली. मैदानांवर बांधकामाला परवानगी देणारं विधेयक खूप वर्षांपूर्वी नागपूरच्या अधिवेशनात आलं होतं. शाळांजवळची मैदानं तरी वगळा, एवढी दुरुस्ती आम्ही दोघींनी आमच्या आमदारांना सुचवली होती. "मांडतो की! गॅलरीत येऊन ऐकाच," ते म्हणाले होते.

आम्ही गेलो. दुरुस्तीसाठी त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. वरून आम्हाला मात्र ते दिसत होते. दाराशी कुणाशी तरी हसत बोलत होते. शैलाचा हात आपसूक वर गेला. मागचा रक्षक हळूच म्हणाला, "काकू, हात खाली. इथं फक्त बघायचं." सदस्य जागेवर नाही म्हणून दुरुस्ती बाद झाली. मग 'होय, होय' झालं आणि विधेयक मंजूर.

जिना उतरताना शैला म्हणाली, "अगं, ओरडले असते तर फार तर बाहेर काढलं असतं ना?" पुढे कितीतरी वर्षं ती हेच विचारायची.

सुट्टीत आलात की तुम्ही विचारता, "आजी, खेळू कुठे?" मी गच्चीवर पाठवते. तुमची आई ज्या मैदानावर लंगडी खेळायची, तिथेच ती समोरची इमारत उभी आहे; माझ्या खिडकीतून ती जागा रोज दिसते. तुम्हाला दाखवायला मात्र हात उचलत नाही.