गुलाबभाऊची उलार गाडी

आमच्या आरमोरीत लोखंडाची परीक्षा लातेनं होते. ट्रॉली घ्याले आलेला माणूस पहिले तिले एक लात मारते. पाय दुखला तर माल मजबूत, नाई दुखला तर "पत्रा पातळ हाय" म्हणून घरी जाते. अशा गावात गुलाब खोब्रागडेनं हलकी गाडी बनवाले घेतली. आता सांगा, या माणसाले काय म्हणावं?

मी सोमाजी, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. घर गुलाबच्या वर्कशॉपले लागून. त्याच्या वेल्डिंगच्या उजेडानं माह्या डोयाचं वाटोळं झालं, म्हणून त्याच्याबद्दल बोलाचा हक्क मले हाय. सारी उमर त्यानं धानाच्या मळणीमशिनी अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्या. गिऱ्हाईक म्हणे, "अजून एक पट्टी मार," हा मारे. तुह्या मनात काय हाय, असं त्याले बापजन्मात कोणी विचारलं नाई.

मंग एक दिवस त्यानं मोबाईलवर पाह्यलं, का दूर देशात पाच-सहा माणसं एका शेडमंदी रेसच्या गाड्या बनवतेत. इंजिन समोर नाई, सीटच्या मागं, गाडीच्या मधात. वजन मधात असलं का वळणावर गाडी झटकन फिरते. "सोमाजीभाऊ," तो मले म्हणे, "शेड तं आपल्यापाशी बी हाय ना!"

झालं! पाईपची चौकट, पातळ पत्रा, दोन सीटा, भंगारातल्या कारचं इंजिन. गाडी तयार झाली तं माह्या कमरेएवढी. गाव पाहाले लोटलं. जो येई तो समोरचं झाकण उघडे अन् ओरडे, "अबे, याचं इंजिन कुठी?" एकानं तं पोलिसात रिपोर्ट देली का म्हणून विचारलं. एक पुढारी आला, गाडीले हार घातला, फोटो काढला, अन् "आमच्या पाठपुराव्याले यश" म्हणून फेसबुकवर टाकून मोकळा झाला. त्यानं पाठपुरावा कोणाचा केला, त्याचं त्याले माहीत.

पण तो फोटो ताडोबाकडच्या एका रिसॉर्टच्या मालकानं पाह्यला. त्याले पर्यटकांसाठी आपल्याच जागेवर रेसचा ट्रॅक कराचा होता. म्हणे, हलकी असन अन् वळणावर फिरली, तं पाच घेतो. हे सांगाले गुलाब माह्या घरी धावत आला. "सोमाजीभाऊ, पाच गेल्या तं ट्रॉल्या बंद. मंग जिंदगीभर हेच करीन." मले बी भरून आलं, खोटं कायले बोलू.

शंकरपटाच्या दिवशी, बैलजोड्या धावून झाल्या का त्याच मैदानावर गाडी धावन, असं ठरलं. गुलाब त्या रिसॉर्टवाल्या साहेबाले आणाले हायवेवर गेला. गाडीपाशी त्याची बायको कमळा उभी. तेवढ्यात दादाजी आला. पटातला जुना जाणता, सारी उमर बैलांच्या शेपट्या पिळलेला. त्यानं गाडीले एक फेरा मारला, एका हातानं समोरून उचलून पाह्यली, अन् कपाळावर हात मारला.

"बाप्पा! ही तं उलार हाय!"

बंडीत मागं वजन जास्त झालं का समोरून उचलते, तिले उलार म्हणते. आमच्याकडं हे लेकराले बी समजते. उलार बंडी उताणी होते अन् माणसं खाली येते.

"साहेबाले घेऊन गुलाब उताणा पडन ना!" दादाजी म्हणे.

कमळाबाईचं तोंड उतरलं. "मंग काय करावं, दादाजीभाऊ?"

"समोर वजन टाकाचं, अजून काय!"

बाजूच्या बंडीत नव्या धानाचे पोते होते. चौघांनी एक उचलून समोरच्या झाकणाखाली टाकलं. कोणी म्हणे, बस झालं. कमळाबाई म्हणे, "नाई, दोन टाका. माणूस माहा हाय." अन् झाकण तिनं स्वतः दोरीनं बांधलं. मी तिथंच होतो. मी सारी उमर समोर इंजिनची एसटी चालवली, मले तं आता गाडी शोभून दिसत होती.

गुलाब आला तं हार, गुलाल, भोंगा, गर्दी; पोत्याचं त्याले सांगाचं राहूनच गेलं. साहेब बाजूले बसला, माईकवाल्यानं "सुटली!" म्हटलं. गाडी सुटली तशी लोकं नाचाले लागले. सरळ रस्त्यानं काय पळाली म्हणता! मंग वळण आलं. गुलाबनं स्टेअरिंग फिरवलं, चाकं बी फिरले, पण गाडी सरळच! धुरा ओलांडून धानाच्या बांधीत शिरली, दोरी तुटली, झाकण उघडलं, पोतं फाटलं, अन् धान साहेबाच्या डोक्यावर. लागलं कोणालेच नाई, हे बरं.

"हे काय आहे?" साहेबानं विचारलं.

"नवं धान हाय, साहेब," दादाजी ऐटीत म्हणे. "तुमच्याचसाठी टाकलं."

"साहेब, एक चक्कर रिकामी..." गुलाब मागं धावला. पण साहेब शर्ट झटकत आपल्या कारमंदी बसला अन् गेला.

कमळाबाई आली. "दादाजीभाऊले नका बोलू. दुसरं पोतं मी टाकाले लावलं. मले तुमच्या जिवाचं भेव वाटलं."

गुलाबनं दोघं-तिघं घेऊन गाडी बाहेर काढली, पोते उतरवले. "बस," तो तिले म्हणे. त्याच मैदानावर गाडी पळाली, अन् वळणावर अशी फिरली का कमळाबाई पहिले किंचाळली, मंग खळखळून हासली. उतरली तं पदर तोंडाले लावून रडाले लागली. "लावा ना साहेबाले फोन! आता दाखवा त्याले!"

"लावला. उचलत नाई."

इकडं गाव खुशीत. दोन पोते अन् दोन माणसं घेऊन केवढी पळाली! दादाजीनं गुलाबच्या खांद्यावर हात ठेवला. "मले बी एक बनवून दे बापू. फक्त चार पोते मावले पाहिजे." मागून दोघं-तिघं म्हणे, "मले बी." मले असा राग आला! मले वाटलं, आता तरी हा माणूस शिव्या देईन. द्याव्याच! मी बी मागून दोन देल्या असत्या.

गुलाबनं डोये पुसले, गाडीकडं पाह्यलं.

"चार मावतीन, दादाजीभाऊ," तो म्हणे. "पण मंग इंजिन समोर घ्या लागन."

"हां!" दादाजी म्हणे. "आता झाला तू गाडीवाला."