मागच्या जिन्यातली मूर्ती

आमच्या बीदरात जिना अडवायचा असेल तर कुणी सिमेंटची पोती ठेवत नाही. पोती ठेवली की कुणीतरी येऊन उचला म्हणतं. म्हणून लोक तिथं देव ठेवतात. एक फळी, एक फोटो, दोन उदबत्त्या, वर लाल बल्ब. मग कुणाची माय व्यालीय उचला म्हणायला!

त्यात लबाडीच असते असं नाही. मागचा दरवाजा दक्षिणेला निघत असेल तर तो उघडा ठेवायला आमच्याकडं कुणी तयार नसतं. यमाची दिशा. दरवाजा बंद झाला की जिना रिकामा, आणि रिकाम्या जागेत कचरा साचण्यापेक्षा देव बसलेला बरा. एवढा सरळ विचार. मी इमारतींचे नकाशे तपासणारी सरकारी इंजिनियर, पण याच लोकांत वाढलेली, त्यामुळं मला तो विचार कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मैलूरच्या अलीकडं मुलींचं एक खाजगी वसतिगृह होतं. क्लासेससाठी आलेल्या मुली. तिथं पुढच्या जिन्याखाली इन्व्हर्टरनं पेट घेतला आणि पुढचा जिना धुरानं भरला. मुली मागच्या जिन्याकडं धावल्या. तिथं खाली देव, देवामागं जाळी, जाळीमागं कुलूप. कुणी मेलं नाही, शेजारच्यांनी शिड्या लावल्या. एक मुलगी मात्र घाबरून वरून उडी मारून बसली आणि तिचा पाय पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचनाम्याला गेले. फोटोची काच काळी पडली होती. बाजूच्या भिंतीवर काजळीत हातांचे ठसे होते, लहान लहान. मी तिथून बाहेर आले आणि जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून रडले. ड्रायव्हर दुसरीकडं बघत उभा राहिला.

त्यानंतर आमच्या आणि कलबुर्गीच्या, अशा दोन जिल्ह्यांसाठी वसतिगृहं, क्लासेस, फंक्शन हॉल यांच्या सुरक्षेचे नवे नियम करायला समिती नेमली. प्रमुख मी. माझा स्वभाव ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. तोंडाळ आहे मी, खोटं कशाला बोलू. बहुतेक म्हणूनच मला पुढं केलं असेल, शिव्या खायला.

मसुद्यात मी एक वाक्य घातलं: बाहेर पडायच्या वाटेत काहीही ठेवू नये, देव, फोटो, मूर्ती धरून. कलबुर्गीहून आमच्या वरिष्ठ साहेबांचा फोन आला.

"मॅडम, 'काहीही'मध्ये सगळं आलंच की. देवाचं नाव कशाला घेता?"

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "आपल्याकडं 'काहीही'मध्ये देव कधीच येत नाही."

ते हसले, पण शब्द काढले नाहीत. हरकती मागवा, सुनावणी घ्या, मग बघू, म्हणाले.

पहिली सुनावणी. वसतिगृहं आणि हॉलवाल्यांचे एक पुढारी होते, त्यांना सगळे नुसतं अण्णा म्हणायचे. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, एका वाक्यात कन्नड, मराठी आणि दखनी तिन्ही बोलणारे. माणूस कधी आवाज चढवत नाही, त्याचीच मला भीती वाटायची. ते उठले, हात जोडले.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरच्या. दुसरा जिना बांधा म्हणालात, बांधतो. देवाला उठवा म्हणायलात, ते मात्र नक्को. लोकं काय बोलायलेत सांगू? ह्या बाईचं घराणं बुद्धाचं, म्हणून हिच्या डोळ्यात आमचे देव खुपायलेत. मी न्हाई बोलत हां. लोकं बोलायलेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलायच्या आत ते तसंच हसत पुढं म्हणाले, "आणि तुमच्या समाजाच्या पोरींचं वसतिगृह हाय ना? तिथं मागच्या जिन्याखाली कोण बसलंय? आधी ते बघा. पुढच्या सुनावणीला मी फोटो घेऊन येतो."

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला आणि मी समोरचे कागद चाळायला लागले.

कारण तिथं कोण बसलंय ते मला ठाऊक होतं. माझ्या मायनं बसवलेली बुद्धाची मूर्ती. माझे वडील गेले त्या वर्षी मायनं ती उदगीरहून आणली, बसमध्ये मांडीवर घेऊन, कुणाला हात लावू न देता. माय निवृत्त शिक्षिका. बसवकल्याण तालुक्यातल्या, आमच्या कोहिनूर गावच्या, आजूबाजूच्या खेड्यांतल्या आमच्या मुली शिकायला बीदरला येतात, त्या या वसतिगृहात राहतात, आणि माय रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याकडून वंदना म्हणून घेते. मूर्तीची जागा तिनंच निवडली होती. मागच्या जिन्याच्या पायथ्याशी, दाराला पाठ लावून, कारण तिथल्या झरोक्यातून सकाळचं ऊन नेमकं चेहऱ्यावर येतं. पोरी आत असताना मागून कुणी शिरू नये म्हणून दाराला कुलूप होतंच. मी शंभर वेळा त्या मूर्तीपुढं बसले असेन. ती वाट अडवतेय असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती माझ्या मायची मूर्ती होती, 'काहीही'मध्ये ती कशी येणार?

आता पेच सरळ होता. मूर्ती तिथंच राहिली तर पुढच्या सुनावणीत मसुद्यातले ते शब्द जाणार, आणि ते शब्द गेले की दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक मागच्या जिन्यात देव बसणार आणि मागं कुलूप. मूर्ती हलवली तर माझे लोक मला दारात उभं करणार नाहीत. आणि मायचं काय, ते मला विचारही करवत नव्हतं.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या सरकारला माझी मूर्तीच सापडली व्हय?"

बस्. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवायला वाढायची, पण हाक मारायची नाही, ताटाचा आवाज करायची. पन्नाशीच्या बाईला आई बोलेनाशी झाली की काय होतं ते मला विचारा. ऑफिसात मी सगळ्यांवर खेकसायला लागले.

वसतिगृहाच्या कमिटीचे अध्यक्ष माझे मामा, मायचे धाकटे भाऊ. ते घरी आले ते चप्पलसुद्धा न काढता बोलायला लागले.

"कामून करायलीस हे? आपल्या मूर्त्यांना दुसऱ्यांनी हात घातला तवा आपण रस्त्यावर उतरलो. आता आपलीच पोरगी हात घालायली? आपली हलंल, त्यांची हलणार न्हाई. लिहून ठेव. आपला बुद्ध उठला की अण्णा टाळ्या वाजवील आणि त्याचे देव तिथंच बसतील."

ते खरंही असू शकत होतं. मी रागानं एवढंच म्हणाले, "मामा, आग लागली तर ती समाज बघून लागत न्हाई." ते म्हणाले, "शहाणपण ऑफिसात शिकव," आणि निघून गेले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मामांनी वसतिगृहात सगळ्यांना बोलावलं. कमिटीची माणसं, पोरी, मी. माय आधीच येऊन मूर्तीजवळ बसली होती, माझ्याकडं न बघता. वातावरण असं की कुणी खोकलं तरी भांडण सुरू होईल.

मामा मात्र तोडगा घेऊन आले होते. मूर्ती लाकडी टेबलावर होती. त्यांनी दोघांच्या मदतीनं टेबल भिंतीकडं सरकवलं, दाराचं कुलूप काढून खिशात घातलं आणि दार सताड उघडलं. "मोजा आता इंजिनियर बाई. मूर्तीही राहिली, वाटही झाली."

मी टेप काढला. मोजलं. जागा पुरत होती. नियमात लिहिलेली रुंदी व्यवस्थित भरत होती. खरं सांगते, मला फार हायसं वाटलं. साहेबांना सांगता येईल, शब्द थोडे बदलू, वाट मोकळी ठेवून मूर्ती चालेल म्हणू. मायही बोलेल. मी टेप गुंडाळत म्हणाले, "पुरती."

"पुरती न्हाई तर काय," माय उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलत होती, आणि आवाजात चांगलाच ठसका होता. "मोजून काय कळतंय? मी दाखवते तुला, किती पुरती ते. पोरींनो, सगळ्या वर जावा. मी शिट्टी वाजवली की आग लागली असं समजायचं आणि ह्या जिन्यानं पळत खाली येऊन दाराबाहेर पडायचं. हसायचं न्हाई."

शाळेतली तिची शिट्टी अजून तिच्या पिशवीत असते. पोरी खिदळत वर गेल्या. मामा हाताची घडी घालून जिंकल्यासारखे उभे राहिले. मायनं शिट्टी फुंकली.

वरून धडधड सुरू झाली. पहिली पोरगी जोरात खाली आली, शेवटच्या पायऱ्यांवर पोचली, आणि थांबली. समोर मूर्ती. तिनं चपला काढल्या, पायरीवर बाजूला ठेवल्या, हात जोडले, मान झुकवली आणि मग दारातून बाहेर गेली. दुसरीनं तेच केलं. तिसरीनं तेच. कुणी सांगितलं नव्हतं. मूर्तीसमोरून चपला घालून जायचं नाही हे त्यांना मायनंच शिकवलं होतं, त्या या वसतिगृहात आल्या त्या दिवसापासून.

मागच्या थांबल्या. त्यांच्या मागच्यांना पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं, त्या ढकलत होत्या. "चला ना गं!" "आगं थांब, चप्पल!" पायऱ्यांवर चपलांचा ढीग झाला. एका पोरीचा पाय त्या ढिगावर पडला, ती घसरली, तिच्यावर दुसरी आली. कुणीतरी किंचाळलं. ते किंचाळणं खेळातलं नव्हतं. मी आणि मामा दोघंही धावलो. पोरीला फक्त खरचटलं होतं. ती गुडघा धरून रडत होती, आणि रडता रडता मूर्तीकडं बघून तिनं हात जोडले.

मी माझ्या मायकडं बघितलं. शिट्टी तिच्या ओठांतच होती. ती त्या चपलांकडं बघत होती.

मला वाटलं होतं माझं म्हणणं सिद्ध झालं तर मला आनंद होईल. छे. तिनं एवढ्या मायेनं शिकवलेली गोष्ट अशी तिच्यासमोर आडवी पडली होती. मी "माय" म्हणून पुढं झाले तर तिनं हातानंच थांबवलं.

ती पुढं वाकली आणि मूर्तीला दोन्ही हात घातले.

"अक्का, राहू दे. जड हाय. पोरं बोलावतो," मामा म्हणाले.

"उदगीरहून मांडीवर आणलीय मी. मला वजन सांगतोस?" मग आवाज खाली आला. "धर दुसऱ्या बाजूनं. तूच धर."

मामांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. चपला काढल्या आणि मूर्ती धरली. बहीण-भावांनी ती पुढच्या खोलीत नेली, जिथं पोरींची ताटं मांडायचा कट्टा होता. तिथं ऊन येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत अण्णांनी मोबाईल काढून कलबुर्गीहून आलेल्या साहेबांसमोर धरला. शेवटच्या रांगेतून माय उभी राहिली. ती येणार आहे हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

"तो फोटो जुना झाला अण्णा," ती म्हणाली. "आता येऊन बघा. दारही उघडं हाय."

अण्णा मागं वळले, मायकडं बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला. "अक्का, तुम्ही आमची मोठीच पंचाईत केली की हो," म्हणाले. नेहमीसारखं हसू नव्हतं त्यात.

'देव, फोटो, मूर्ती धरून' हे शब्द नियमात राहिले. अजूनही लोक पळवाटा काढतात, माझ्या नावानं बोटं मोडतात, मीही त्यांना सोडत नाही. अण्णांनी त्यांच्या हॉलमधले देव शांती करून पुढच्या खोलीत हलवले आणि वर मलाच प्रसाद पाठवला. मी खाल्ला. गोड होता.

वसतिगृहातला जिना मात्र एवढ्यानं सुटला नाही. मूर्ती गेली, टेबल गेलं, तरी पोरी त्या रिकाम्या जागेपाशी आल्या की चपला काढायच्या. मी ओरडून पाहिलं, पाटी लावून पाहिली. ज्या नव्या पोरींनी मूर्ती तिथं कधी बघितलीच नाही, त्याही जुन्यांचं बघून चपला काढायच्या.

शेवटी मायनं ते स्वतःवर घेतलं. रोज संध्याकाळी, वंदनेच्या आधी, ती मागच्या जिन्यानं खाली येते. जिथं ती कधी अनवाणी पायांशिवाय उभी राहिली नाही, बरोबर त्या जागेवर ती चपला घालून उभी राहते, पोरींना दिसेल अशी. मी एकदा तिच्या शेजारी होते. तिनं माझा दंड घट्ट धरला होता, पण चपला काढल्या नाहीत.