इस्त्रीवालीची झडप

लाँड्री खरं तर इस्त्रीवालीच्या वडिलांची, पण गल्लीला ती तिच्या नवऱ्याची वाटायची, कारण दारातल्या खुर्चीत तो बसायचा. ती मागे टेबलाशी उभी. तीस वर्षं उभी. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. तिच्या हातून कपडा जळाला असं कधी झालं नाही.

एका दुपारी तिच्या छातीत कळ आली, डाव्या हाताला मुंग्या आल्या. नवऱ्याने पित्ताची गोळी दिली आणि राहिलेल्या चादरी उरकायला सांगितलं. तिने उरकल्या. त्यानंतर दुकानावरच्या घराचा जिना चढताना तिला धाप लागू लागली. ती मध्येच कठड्याला टेकली की नवरा गिऱ्हाइकांना म्हणायचा, आता हिच्यासाठी क्रेन मागवावी लागणार. गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची, दम असला तर.

दोन वर्षांनी ती टेबलापाशीच कोसळली, तेव्हा कुठे हॉस्पिटल दिसलं. सर्जननी समजावून सांगितलं की ती कळ पित्ताची नव्हती. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, त्या दुपारच्या झटक्यात स्नायूचा एक भाग निकामी झाला होता, आणि त्या ओढाताणीत आतली एक झडप नीट मिटेनाशी झाली होती. पुढे जायचं रक्त थोडं मागे फिरत होतं. बायपास करावाच लागणार होता. झडपेची गळती मात्र मध्यम होती. काहींची बायपासनंतर आपोआप कमी होते, काहींची होत नाही. त्याच वेळी झडप दुरुस्त करायची तर ऑपरेशन लांबणार, धोका वाढणार.

"तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी तिला विचारलं.

तिने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. "यांना विचारा."

"कमीत कमी करा," नवरा म्हणाला. "हिला लवकर कामाला उभी करायचीय."

सर्जन तरीही तिच्याकडेच बघत राहिले. तिने होकारार्थी मान हलवली.

बायपास चांगला झाला. सातव्या आठवड्यात ती टेबलाशी होती. गळती मात्र कमी व्हायचं सोडून वाढत गेली. वर्ष सरता सरता तिला आडवं पडून झोपता येईना, पाय सुजून चपलेत मावेनात. पुन्हा तेच सर्जन. आता झडप बदलायलाच हवी होती. भोवती कडं बसवून आहे तीच दुरुस्त केली तर अशा हृदयात ती पुन्हा गळू शकते, असं ते म्हणाले. पण छाती दुसऱ्यांदा उघडायची म्हणजे जोखीम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त.

नवऱ्याने घसा खाकरला.

"तुम्ही बाहेर बसा," ती त्याला म्हणाली.

तो इतका चकित झाला, की खरंच बाहेर जाऊन बसला.

ऑपरेशननंतर तिच्या मूत्रपिंडांनी मान टाकली, मग फुप्फुसात जंतू शिरले. एकोणीस दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. चाळिसाव्या दिवशी घरी आली आणि कपाट उघडलं, तर तिचा खण रिकामा. एक रुमालसुद्धा नव्हता.

"तुला शुद्ध नव्हती," नवरा म्हणाला. "मला वाटलं, संपलं. ताईला देऊन टाकलं सगळं."

 दुसऱ्या दिवशी ती दहा दहा पावलांवर थांबत नणंदेकडे गेली. दार उघडणाऱ्या नणंदेच्या अंगात तिचाच राखाडी स्वेटर होता. नणंद ओशाळली, बटणं काढू लागली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझं सगळं घेतलंस, आता भावालाही ठेवून घे."

त्याच संध्याकाळी तिने त्याची बॅग भरून जिन्याखाली ठेवली. तिला स्वतःला आता इस्त्री उचलवत नव्हती. म्हणून आठवड्याने तो केविलवाण्या चेहऱ्याने दारात आला, तेव्हा तिने त्याला आत घेतलं, पण फक्त टेबलापर्यंत. सकाळी नऊला यायचं, गठ्ठा संपल्यावर बहिणीकडे जायचं. त्याने दोन शर्ट जाळले. ते तिने गिऱ्हाइकांसमोर उलगडून दाखवले. त्याचे गुडघे दुखू लागले, त्याने स्टूल मागितलं. टेबलाची उंची उभ्या माणसाची आहे, असं तिने शांतपणे सांगितलं.

सहा महिन्यांनी तपासणीत सर्जन म्हणाले, नवी झडप छान मिटतेय. मेलेला स्नायू मात्र परत येणार नाही, जपून राहा. घरी कोण असतं सोबतीला?

"कोणी नाही," ती म्हणाली. "दुकानात एक माणूस आहे कामाला."