यंत्र विचारतंय, मी नाही

"बंद कर," असं म्हणत सर पाठीमागून यायचे आणि खांद्यावरून हात थेट कीबोर्डवर न्यायचे. बेलापूरला कोर्टाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. आम्ही तिघी ऑपरेटर.

कॉम्प्युटर नवे होते तेव्हाची गोष्ट. काम सेव्ह न करता फाइल बंद केली की पडद्यावर चौकट यायची: केलेले बदल ठेवायचे का? आपण 'हो' म्हणायचं, विषय संपला. पण सर स्वतः वाकून 'नाही' दाबायचे. तासाभराची मेहनत गडप! वर म्हणायचे, "यंत्र विचारतंय, मी नाही. आधीच सेव्ह केलं असतंस तर विचारलं असतं का?" असे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील. यांना मात्र शिकवताना फारच आनंद व्हायचा.

यंत्रांवर भारी जीव. चपला दाराबाहेर, मॉनिटरला बायकोनं शिवलेलं मखमली झबलं, धूळ दिसली की स्वतःच्या रुमालानं पुसणार. आमच्यापैकी कुणाला ताप आला तर विचारायचे, "संध्याकाळपर्यंत बसशील ना?"

सुनंदा दिघ्याहून यायची. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर तिच्या पगारावर. तो महिना नीट गेला की सर तिला कायम करणार होते. त्या दिवशी एक वकील शेजारी उभं राहून तिला प्रतिज्ञापत्र सांगत होते, तेही इतकं भराभर की सेव्ह करायलाही उसंत नाही. सांगून झालं, ते खाली चहाला गेले आणि सर आले.

"बंद कर."

"सर, आज नको ना. दुपारी कोर्टात द्यायचंय त्यांना. पाया पडते तुमच्या."

सरांनी स्वतःच फाइल बंद केली. चौकट आली. त्यांनी 'नाही' दाबलं.

वकील वर आले तेव्हा सर हात जोडून म्हणाले, "ह्या बाईंनी सगळं पुसलं, साहेब. आजच काढतो त्यांना." आणि काढलंच. वकील तिला नाही नाही ते बोलत होते, सर त्यांच्यासाठी आणखी एक चहा मागवत होते. मला त्या माणसाची तेव्हा किळस आली, आजही येते.

सुनंदा पुढे एका कंपनीत पॅकिंगला लागली. दिवसभर उभ्यानं काम.

काही वर्षांनी सर झोपेतच गेले. मी अंत्यदर्शनाला गेले नाही. सुनंदा मात्र हाफ डे टाकून गेली, असं कळलं. स्टेशनबाहेर भेटली तेव्हा मी चिडूनच विचारलं, "तू कशाला गं गेलीस?"

"खरंच गेलाय का, ते बघून आले."