पंधरा दिवसांत येतोय

सकाळचे सव्वादहा. शटर नुकतंच वर गेलं होतं, अगरबत्ती अजून जळत होती, आणि प्रणाली निकम टॅब छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर उभी होती. आत ये म्हटलं, तर आली आणि टॅब माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर बर्फाचा डोंगर, त्यावरून उडणारा रंगीत फुगा, खाली कंपनीचं नाव. शोरूममध्ये दिवसभर चालते तीच जाहिरात.

"काका, यात माझी पाच डिझाइन होती," ती म्हणाली. "आता हा डोंगर आहे."

मी टॅब उघडून बघितला. फाइल्स रिकाम्या. मी टाकून दिलेलं ड्रॉइंगचं अॅपही गायब. टॅब दुकानाचा होता, तिला तो मी दिला होता, आणि नेमकं काय झालंय हे मला डोंगर दिसल्या दिसल्या कळलं होतं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिला सहा डिझाइन एका प्रिंट मिलच्या स्टुडिओत द्यायची होती. त्यावर तिची नोकरी ठरणार होती.

आता हे मुळापासून सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल.

उधन्याच्या मेन रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात मी वीस वर्षं आहे. बटणांच्या फोनपासून. मालक हसमुखभाई इथलेच गुजराती, ते गल्ल्यावर बसतात, काउंटर मी सांभाळतो. गिऱ्हाईक निम्मं आमच्या खान्देशातून इकडे कामाला आलेलं: लूमवर कापड विणणारे, डाइंगमध्ये ते रंगवणारे, त्यांची शिकणारी पोरं. आणि या सगळ्यांत माझी एक ख्याती होती. कुठला फोन कधी येणार, कुठल्याची किंमत कधी पडणार, कुठल्या जुन्या फोनला नवं अपडेट मिळणार, हे बोरसेला विचारा. लोक फोन घ्यायला यायच्या आधी माझं मत घ्यायला यायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

हे अंदाज काही हवेतले नसतात. नवा फोन यायचा असला की जुन्याचा माल डिस्ट्रिब्युटर हळूहळू बंद करतो. आठवडाभर मागणी लावली तरी "स्टॉक नाही" म्हणतो, आणि मग एकदम जुन्यावर स्कीम देतो. तो संपवायचा घाट असतो. दुसरी खूण कव्हरची. कव्हर बनवणाऱ्यांकडे मापं आधी पोचतात, त्यामुळे फोन बाजारात यायच्या आधी त्याचं कव्हर होलसेलवाल्याकडे येऊन पडतं. कॅमेऱ्याची भोकं कुठे आहेत, किती आहेत, सगळं त्यावरून कळतं. हे वाचून मी सांगायचो, आणि दहातल्या सात वेळा बरोबर यायचो. उरलेल्या तीन वेळा काय होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

प्रणाली डिंडोलीची. वडील भीमराव निकम जॅकार्ड लूमवर. जॅकार्ड म्हणजे ज्यात नक्षी छापत नाहीत, विणतात. त्यांच्या कारखान्यात जुन्या काळी डिझाइन चौकटीच्या कागदावर काढत. भीमराव उरलेले कागद घरी आणायचे आणि पोरगी त्यावर कोयऱ्या, वेली काढत मोठी झाली. हात असा की बघत राहावं. प्रिंट मिलच्या स्टुडिओने तिचे कागद पाहिले आणि सांगितलं, काम चांगलं आहे, पण आमच्याकडे सगळं टॅबवर चालतं. महिनाभराने ट्रायल घेऊ. त्यासाठी साडीची सहा डिझाइन रिपीटमध्ये द्यायची. रिपीट म्हणजे डिझाइनचा तुकडा असा काढायचा की शेजारी शेजारी लावला तर सांधा दिसता कामा नये. सहा वारात एकही सांधा दिसला तर माल परत येतो.

पैसे तिचे तयार होते. ती आली, टेबलावर बघायला ठेवलेल्या पेनवाल्या टॅबवर हात चालवून बघितला आणि म्हणाली, हाच द्या. तेव्हा आमच्याकडे त्याचे दोन बॉक्स होते.

मी म्हटलं, "थांब. याचा नवा पंधरा दिवसांत येतोय. पेन बॉक्समध्येच मिळणार."

मला खात्री होती. डिस्ट्रिब्युटरने जुना माल बंद केला होता, आणि होलसेलवाल्याकडे मी स्वतः नव्या टॅबचं कव्हर पाहिलं होतं, त्याला पेन खोचायची जागा होती. तिने एकदा विचारलं की नक्की ना. मी मान हलवली. तिचं काम कधी आहे, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण पंधरा दिवसांत आला तर हातात पुरेसे दिवस होते.

ते दोन बॉक्स त्याच आठवड्यात विकले गेले. पंधरा दिवस झाले. मग कंपनीने नवा टॅब जाहीर केला, पण बाहेरच्या देशांत. भारतात कधी, ते लिहिलंच नव्हतं. मी प्रणालीला म्हटलं, चार दिवसांत कळेल. चार दिवसांत काही कळलं नाही. जुना मिळतो का म्हणून मी शहरभर फोन लावले, कुठेच नव्हता. ऑनलाइन होता, तो आठ दिवसांनी येणार. दुसऱ्या कंपनीचा होता, पण दुप्पट किमतीचा.

ट्रायलला चार दिवस उरले तेव्हा, म्हणजे सोमवारी सकाळी, भीमराव आले. पाळी संपवून सरळ आले असावेत, शर्टावर सुताचे धागे होते. मला वाटलं आता माणूस बोलणार, आणि त्यांचा हक्कच होता. पण ते स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्हीन सांगं, म्हनीसन आम्ही थांबनूत. आते काय करानं, ते बी तुम्हीच सांगा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सरळ डेमो टेबलवर गेलो, साखळी सोडवली आणि तिने हात चालवून बघितलेला तोच डेमो टॅब पेनसकट त्यांच्या पिशवीत घातला. हसमुखभाई लग्नाला बाहेरगावी गेले होते, गुरुवारी येणार होते. परवानगी कोणाची घेतली नाही.

डेमो पीस म्हणजे काय, ते सांगायला हवं. कंपनी दुकानाला बघायला ठेवण्यासाठी जो नग देते, त्यात आतून एक वेगळं सॉफ्टवेअर असतं. लोक दिवसभर त्यात फोटो काढतात, नावं लिहितात. म्हणून तो दर थोड्या वेळाने सगळं पुसून पुन्हा जाहिरात दाखवायला लागतो. ते सॉफ्टवेअर बंद करता येतं. मला येत होतं. प्रणालीला संध्याकाळी टॅब घेऊन बोलावलं, ते बंद केलं, ड्रॉइंगचं अॅप टाकून दिलं, चालवून दाखवलं.

जाताना तिने विचारलं, "काका, अपडेट आलं तर टाकायचं का?"

"या मॉडेलला आता अपडेट येत नाही," मी म्हटलं. "आणि आलंच तर बिनधास्त टाक. पेन अजून चांगलं चालेल."

गुरुवारी सकाळी अपडेट आलं. तिने टाकलं. टॅब बंद होऊन चालू झाला तेव्हा आतलं डेमोचं सॉफ्टवेअर पुन्हा जागं झालं होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. एकाच गिऱ्हाइकाला मी दोन अंदाज सांगितले, आणि दोन्ही चुकले.

मी सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या टेक्निशियनला फोन लावला. तो म्हणाला, आत सगळं कुलपात असतं, रिसेट झाला की कुलपाची किल्लीच नष्ट होते, तू कितीही हुशार असलास तरी आता काही नाही. रोजचं काम रोज फोनवर पाठवून ठेव, एवढं एक वाक्य मी सोमवारी बोललो असतो तर पुरे होतं. तेव्हा मी अपडेटवर भाषण देत होतो.

प्रणाली रडली नाही. ती काउंटरच्या काचेकडे बघत उभी होती, आणि ते बघणं मला सहन होईना. मी विचारलं, डिझाइन आधी कशावर काढलीस?

"कागदावर. मला आधी कागदच लागतो."

"कागद कुठेत?"

"घरी. पण त्यांना फाइल हवीय, काका. रंग वेगळे, रेघा वेगळ्या थरावर."

मी तिला रिक्षाने परत पाठवलं, कागद आणायला. मागच्या खोलीत, जिथे आम्ही खोके ठेवतो, तिथे टेबल मोकळं केलं, टॅबमधलं डेमोचं सॉफ्टवेअर पुन्हा बंद करून अॅप टाकलं. दुकानातल्या सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्याच्या फोनने एकेक कागद सरळ वरून टिपला. कागद जरासुद्धा तिरका आला तर रिपीटचा सांधा बिघडतो, म्हणून चारी कोपऱ्यांना बॅटरीचे बॉक्स ठेवले. तो फोटो टॅबवर खालच्या थरात टाकायचा आणि वरून गिरवायचा. नवं सुचायचं नव्हतं, फक्त हात चालवायचा होता. तरी एका डिझाइनला चार-साडेचार तास लागत होते. मी हिशोब केला आणि तिला काही बोललो नाही. सहा होणं शक्य नव्हतं.

दुपारी हसमुखभाई आले. पाठोपाठ, नशीबच फुटकं, कंपनीचा मर्चंडायझर. हा माणूस महिन्यातून एकदा डेमो टेबलचा फोटो काढून कंपनीला पाठवतो. जागा रिकामी दिसली तर डेमो पीस मिळणं बंद.

हसमुखभाईंनी रिकामा स्टँड बघितला, मग मला. "बोरसे, आ टॅब क्यां गयो?"

मी बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पहिल्या अंदाजापासून. ऐकून झाल्यावर ते मागच्या खोलीत डोकावले. प्रणाली खोक्यावर बसून, मान वाकवून एकेक पान गिरवत होती. दुकान आहे, माणसं आहेत, हे तिच्या गावीही नव्हतं. शेठ बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपणे फोन वेचीए छीए के पंचांग?"

फोन विकतो की पंचांग? मी रिकामा स्टँड पुसायला घेतला.

तेवढ्यात मर्चंडायझरने विचारलं, "सर, टेबलपे टॅब नहीं दिख रहा?"

"डेमो चालू है," शेठ म्हणाले. "वो बेन देख रही है ना. फोटो लेना है तो उधर लो."

तो आत गेला, प्रणालीची परवानगी घेऊन तिच्या हाताचा आणि स्क्रीनवरच्या वेलीचा फोटो काढला, आणि खूश होऊन गेला. असा खरा डेमो त्याला आयुष्यात मिळाला नसेल. हसमुखभाईंनी मला नंतर आठवडाभर नीट हाक मारली नाही, पण त्या दुपारी दोन चहा सांगितले आणि एक आत पाठवला. या माणसाबद्दल मी पूर्वी बरंच काही बोललोय, त्यातलं निम्मं मागे घेतो.

शुक्रवारी चार वाजेपर्यंत तीन डिझाइन पूर्ण झाली. चौथं अर्धं होतं. प्रणालीने अर्धं द्यायला नकार दिला. मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर स्टुडिओत येतो. ती म्हणाली, नको, दुकानदार घेऊन आली असं दिसेल. मग तीन फाइल्स आणि सगळे कागद घेऊन ती गेली, आणि ती पोचल्यावर मी स्टुडिओच्या हेडला फोन केला, तसं तिला आधीच विचारून ठेवलं होतं. जिग्नेशभाई नाव.

"छह बोला था, तीन आया," ते म्हणाले. मग माझं ऐकून घेतलं. "डिलिव्हरी के पहले अपडेट कौन डालता है?"

"मैंने बोला था डालने को."

मग, देखते हैं, म्हणाले.

डिझाइनरची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्याने सहा दिली होती, आणि जिग्नेशभाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रणालीला त्यांनी मॅचिंगवर घेतलं. मॅचिंग म्हणजे दुसऱ्याने काढलेलं डिझाइन वेगवेगळ्या रंगांत बसवायचं: एक साडी लाल, तीच हिरवी, तीच जांभळी. काम चांगलं, पण रेघ स्वतःची नाही. सात महिने तिने दुसऱ्यांच्या वेलींना रंग दिले. मग डिझाइनरची एक जागा सुटली आणि तिथे तिला बसवलं. उधन्याच्या बाजारात साड्यांचे ढीग बघताना मला आता कधी कधी शंका येते, यातली एखादी तिची असेल. वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

तो नवा टॅब भारतात आला दोन महिन्यांनी. कव्हरमध्ये पेनाची जागा होती, ते खरं. पेन वेगळं विकत घ्यायचं होतं.

मी तिची माफी मागितली होती, ती मॅचिंगवर लागली त्या आठवड्यात. ती म्हणाली, "काका, तुम्ही अंदाज सांगितला होता. आम्ही तारीख समजलो." तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळतं. वीस वर्षांच्या सवयीने मी अंदाज तारखेच्याच आवाजात सांगत होतो, त्यात तिची काय चूक.

लोक अजूनही विचारतात, बोरसेभाऊ, नवा कधी येतोय. कव्हरं मी अजूनही चाळतो, ती खोड जायची नाही. पण उत्तर द्यायच्या आधी आता मी विचारतो, तुमचं काम कधी आहे? पोराची परीक्षा, हजीऱ्याच्या प्लांटमधलं जॉइनिंग, काहीतरी असतंच. ते तारीख सांगतात. ती पक्की असते. माझी नसते, म्हणून मग मी दुकानात आहे तो टॅब काढून समोर ठेवतो.