मामांच्या जेवणाच्या वेळी वळवलेला कॅमेरा

बळीराममामा गेले तेव्हा मी कॅमेरा दुसरीकडं वळवून बसले होते.

आज वर्ष झालं. वर्षभर हे मी कुणालाच सांगितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. समोर भिंतभर स्क्रीन. कुठं ट्रक बंद पडला, कुठं डिव्हायडरवर म्हैस चढली, कुठं मोटारसायकल घसरली, ते बघायचं आणि वॉकीवर पेट्रोलिंगच्या गाडीला कळवायचं. हदगावला आमची आई शेजारणींना सांगते, "पोरगी एसीत बसून टीव्ही बघती."

तसं ते खरंच आहे. फक्त या टीव्हीत माणसं खरी मरतात.

मामा त्या पेट्रोलिंगच्या गाडीवर होते. जळकोटकडचे. अपघात आम्ही नुसता बघायचो, माणूस उचलायचं काम मामांचं. झाकायला काही नसलं तर बरं दिसत नाही म्हणून गाडीत घरची धुतलेली चादर ठेवायचे. वर्षाकाठी किती चादरी गेल्या त्याचा हिशेब त्यांच्या बायकोनं, काकूंनी, कधी विचारला नाही.

नोकरीचा माझा पहिलाच महिना होता. मामा दुपारी पुलाजवळच्या कडुलिंबाखाली डबा घेऊन बसलेले. मी कॅमेरा झूम केला आणि मोठ्या हुशारीनं वॉकीवर बोलले, "मामा, आज वांगं का?"

मामांनी डबा झाकला.

संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले.

"पोरी, एक सांगू का? दिवसभर बघ. काम करताना बघ, लोकाच्या शिव्या खाताना बघ. पर जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाई. घास उतरत न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्या शिफ्टनी पाळलेला. पेट्रोलिंगवाल्यानं "जेवायला थांबतो" म्हटलं की तिथला कॅमेरा पलीकडच्या लेनकडं वळवायचा. जेवण होईपर्यंत हाक मारायची नाही. मग मामाच बोलायचे, "झालं पोरी. बघ आता."

मामा गेले त्या दिवशी त्यांचा जोडीदार रजेवर होता. गाडीत एकटेच.

"जेवायला थांबतो पोरी. आज जरा लवकरच."

लवकर का, हे मी विचारलं नाही. "हाव मामा" म्हटलं आणि कॅमेरा वळवला.

वीस मिनिटं झाली.

अर्धा तास झाला.

सुपरवायझर साहेबांनी विचारलं, "पेट्रोलिंग कुठंय?"

"जेवून राहिलेत साहेब."

मला वाटलं, डोळा लागला असेल. उन्हाचं फिरून दमलेत, घेऊ द्यावी डुलकी. साहेबांना दिसू नये म्हणून कॅमेरा तसाच ठेवला. मी मामांना सांभाळून घेत होते, असं मला वाटत होतं.

मग हेल्पलाइनवर एका ट्रकवाल्याचा फोन आला.

"म्याडम, तुमचीच गाडी उभी हाय इथं. बाजूला माणूस पडलाय. हलून न्हाई राहिला."

आणि मी त्याला विचारलं, "किलोमीटर कुठला?"

सवय. जागा तर मला तोंडपाठ होती.

कॅमेरा वळवला. मामा लिंबाच्या बुंध्याशी कुशीवर पडलेले. एक हात छातीखाली. शेजारी डबा, फडकं बांधलेलंच.

ॲम्ब्युलन्स मीच पाठवली. तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर फोनवर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." पुढचं मला कळलं.

संध्याकाळी गाडी परत आली. सीटवर कुणीतरी उचलून ठेवलेला डबा होता. मी उघडला. दोन भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. घासभरही मोडलेलं नव्हतं. म्हणजे मी कॅमेरा वळवला तेव्हा मामा जेवतच नव्हते.

ते अन्न टाकवेना. मागच्या खोलीत दार लावून बसले आणि सगळं खाल्लं. मग डबा घासून ठेवला.

तेरावं झाल्यावर काकू मुलीला घेऊन मामांचं सामान न्यायला आल्या. चहा दिला, त्यांनी हातही लावला नाही.

"पोरी, तुला तिथून समदं दिसतंय म्हणायचे हे. शेवटाला काय करून राहिले होते?"

"जेवले काकू. पोटभर जेवले."

काकूंनी डबा उघडून बघितला. रिकामा.

"मंग उपाशी न्हाई गेले. बरं झालं बाई."

आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला वर्षभर जड झालाय.

काकू, तुमची मुलगी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. ती तुम्हाला हे वाचून दाखवेल.

मामा जेवले नव्हते. तुम्ही बांधून दिलेली भाकरी मी खाल्ली. मी बघत असते तर कदाचित ते वाचले असते, कदाचित नसतेही. पण बघणं हेच माझं काम होतं, आणि मी बघत नव्हते.

मी खोटं बोलले. उद्या जळकोटला येते आहे. दार लावून घेतलंत तरी ओट्यावर बसेन.

मामांचा शब्द आम्ही मोडला नाही. जेवणाऱ्याकडं अजूनही बघत नाही. पण आता दर पाच मिनिटांनी मी वॉकीवर हाक मारते. मामांच्या जागी आलेला माणूस वैतागतो, "म्याडम, घास तर गिळू द्या."

"गिळा. आणि आवाज द्या."

आज दुपारी लिंबाखाली कुणीच नव्हतं. मामांच्या जेवणाच्या वेळेला मी कॅमेरा तिथंच ठेवला, हलवला नाही.

मामा, उशीर झाला. बघते आहे आता.

तुमच्या पोरीचा नमस्कार.